नळ सोडला की पॅनल काळं: मोटरहोममधलं ऑटोमेशन सारखं रीस्टार्ट का होतं?

मोटरहोममधले दिवे, एसी, पाण्याचा पंप आणि दाराची मोटरने आत-बाहेर होणारी पायरी एकाच टच पॅनलवर घेतली असेल, आणि ते पॅनल मधूनच काळं पडून मिनिटभराने आपोआप परत येत असेल, तर राउटर बदलू नका. ॲप काढून पुन्हा टाकू नका. हब, म्हणजे हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, फॉरमॅट तर मुळीच करू नका. आम्ही हे तिन्ही केलं आणि त्यात चार महिने गेले. दोष बॅटरीच्या मायनसच्या एका बोल्टात होता.

आधी गाडीबद्दल थोडं. सात मीटर लांबीची गाडी, आतलं काम पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेलं. आई-बाबा दोघेही सत्तरीच्या पुढचे. हॉटेलचे जिने, अनोळखी बाथरूम, वेळी-अवेळी जेवण हे त्यांना आता झेपत नाही, म्हणून घरच सोबत घेऊन जायचं ठरवलं. गाडीतल्या या घराची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट ३०० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ३.८ युनिट वीज. छतावर सोलर, एसीसाठी ३००० व्हीएचा इन्व्हर्टर. हब म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर, आणि वेगवेगळ्या रिलेंसाठी (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांसाठी) ईएसपी-३२ या चिपची सहा मॉड्यूल्स. दाराचे आणि तापमानाचे सेन्सर झिगबी या बिनतारी जोडणीवर.

त्रास असा व्हायचा. पॅनल अचानक काळं. दिवे एकतर पूर्ण विझायचे नाहीतर शंभर टक्के उजळायचे. मिनिट-सव्वा मिनिटाने सगळं जागेवर. एसीचं सेट केलेलं तापमान मात्र विसरलेलं असायचं. कधी दिवसातून चारदा, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. आणि घरी, बाणेरच्या सोसायटीत पार्किंगमधल्या प्लगला गाडी जोडलेली असताना, एकदाही नाही. या शेवटच्या गोष्टीतच खरं उत्तर होतं. पण घरी नीट चालतंय म्हटल्यावर आम्ही समजलो की बाहेर गेल्यावर नेटवर्क जातं, म्हणून असं होत असेल.

मग दापोलीजवळची ती रात्र. ताम्हिणी उतरून माणगावमार्गे गेलो होतो, एका नारळी-पोफळीच्या वाडीत गाडी लावली होती. जेवणं झाली. मी आत भांडी विसळायला नळ सोडला, पॅनल काळं पडलं. सवयीप्रमाणे मी दुर्लक्ष केलं. आई खाली अंगणात जायला निघाली होती. दाराच्या दांड्याला धरून तिने एक पाय खाली सोडला आणि त्याच क्षणी पायरी घर्रर्र करत आत गेली. बाबा खाली उभे होते म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून सावरलं. तिला काही झालं नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. तोवर जो ‘कधीमधी होणारा त्रास’ होता, तो त्या क्षणापासून सुरक्षेचा प्रश्न झाला.

आधी नोंद करा

परत आल्यावर मी वही काढली आणि प्रत्येक रीस्टार्टची वेळ होम असिस्टंटच्या नोंदींतून उतरवली. शेजारी त्या वेळी गाडीत कोण काय करत होतं ते लिहिलं. नवऱ्याला, मुलाला, आईला विचारून विचारून. तीन सहलींच्या नोंदी झाल्यावर चित्र दिसलं: नळ, शॉवर, फ्लश, म्हणजे पाण्याचा पंप. काही वेळा इंजिनचं स्टार्टर. नेटवर्कचा काहीही संबंध नव्हता.

पंप आणि पायरी यांचा संबंध आमच्या आधी लक्षात आला नव्हता, कारण मध्ये मिनिटभर जात होता. पंप सुरू होतो, हब बंद पडतं, पुन्हा सुरू व्हायला मिनिट लागतं, आणि पायरी तेव्हा आत जाते. तोवर नळ बंद करून मी हातही पुसलेले असायचे. एवढ्या अंतराने घडणाऱ्या दोन गोष्टी डोक्यात जोडल्या जात नाहीत, वहीत जोडल्या जातात. म्हणून अशा त्रासात पहिलं काम नोंद.

नोंदी करताना आणखी एक जुनी खूण आठवली. नळ सोडला की स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा किंचित मंद व्हायचा. आई पहिल्या सहलीतच म्हणाली होती, “अगं, पाणी सोडलं की उजेड का गं कमी होतो?” तिचं बोलणं तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं.

मल्टिमीटर कुठे लावायचा

बहुतेक जण, मीसुद्धा, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावतो. तिथे १३.२ व्होल्ट दिसतात, पंप सुरू झाल्यावर १३.१. बॅटरी उत्तम. आणि आपण पुन्हा ॲपकडे वळतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा स्वभावच असा की निम्म्याहून जास्त रिकामी झाली तरी तिचं व्होल्टेज फारसं हलत नाही. बॅटरीवरचा आकडा हबला काय मिळतंय ते सांगत नाही. मीटर हबपाशी लावायचा, जिथे १२ व्होल्टची वायर ५ व्होल्टच्या कन्व्हर्टरमध्ये शिरते तिथे, आणि त्याच वेळी दुसऱ्याला नळ सोडायला सांगायचा.

मुलाने नळ सोडला. मीटरवर १२.५ चे १०.१ झाले. इथेही मी फसले असते, कारण १०.१ वर कन्व्हर्टर व्यवस्थित चालतो, आमच्या तेव्हाच्या कन्व्हर्टरला ७ व्होल्ट पुरत होते. पण साधा मीटर सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतो. मोटर चालू होतानाचा पहिला झटका त्याच्या दोन आकड्यांच्या मधून निसटतो. ऑफिसमधून मिन-मॅक्स, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, नोंदवणारा मीटर आणला, तेव्हा खरा आकडा सापडला: ६.४.

आता हिशेब बघा. आमचा डायफ्रॅम पंप चालताना ७ अँपिअर घेतो, दिवे आणि हब मिळून २. एकूण ९. बॅटरीपासून पॅनलपर्यंत ३ व्होल्ट गळतात, म्हणजे वाटेतला रोध ०.३३ ओम. पंप सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह २० अँपिअरच्या आसपास जातो. वीस गुणिले ०.३३ म्हणजे ६.६ व्होल्ट वाटेतच संपले. १३ मधून ते गेले की उरतात ६.४. कन्व्हर्टर मान टाकतो, ५ व्होल्टची लाइन कोसळते, रास्पबेरी पाय आणि त्याच लाइनवरची मॉड्यूल्स एकदम रीस्टार्ट होतात.

आणि घरी का होत नव्हतं? कारण चार्जर जोडलेला असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट असतात. त्यातून तेच ६.६ वजा केले तरी ७.६ उरतात. कन्व्हर्टर जेमतेम तग धरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळं सुरळीत आणि वाडीत बंद, याचं गूढ एवढंच होतं.

०.३३ ओम आले कुठून

तांब्याच्या वायरीचा हिशेब सोपा आहे: लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले जाडी (छेदाचं क्षेत्रफळ) चौरस मिलिमीटरमध्ये. आमची प्लसची वायर ५ मीटर, ६ चौरस एमएमची. रोध ०.०१५ ओम. म्हणजे वायर निर्दोष. फ्यूज, स्विच, जोड धरले तरी ०.०३च्या वर जात नाही. उरलेले ०.३ दुसरीकडे कुठेतरी होते.

ते शोधायची पद्धत प्रत्येक मोटरहोमवाल्याला यायलाच हवी, म्हणून सावकाश सांगते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर धरून ठेवा, ते हलवायचं नाही. लाल टोक फ्यूजबॉक्सच्या मायनस पट्टीवर लावा. दोन्ही मायनसच, त्यामुळे आकडा शून्याजवळ हवा. आता पंप चालू ठेवा. ०.१च्या आसपास आला तर ठीक. आमच्याकडे २.८ आला. मग लाल टोक एकेक टप्पा मागे आणत जायचं: पट्टी, पट्टीला जोडलेला बॉडीचा बोल्ट, शासीचं उघडं लोखंड, बॅटरीच्या केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी). ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथे दोष. आमच्याकडे शासीच्या लोखंडावर २.७ आणि त्याच लोखंडावर आवळलेल्या थिंबलवर ०.०५. मध्ये एका बोटाचं अंतर.

नाना पेठेत गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत, आमच्या जुन्या स्कूटरपासूनचे. त्यांना गाडी दाखवली. ते खाली वाकले, पान्याने बोल्ट सोडला, थिंबल उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला काळंनिळं पडलेलं, इन्सुलेशन कडेला तपकिरी होऊन कडक झालेलं. शासीवरची जागा त्यांनी अंगठ्याने पुसली. खाली राखाडी रंगाचा गुळगुळीत थर, कडेने गंजाची नारिंगी रेघ.

“ताई, रंगावर आवळलाय. आतलं लोखंड कुठे लागलंय? बोल्टच्या आट्यांतून जेवढं जाईल तेवढं जात होतं. आणि कोकणात नेली असणार.”

नेली होती, दोनदा. खारी हवा, पाऊस आणि घाटातले हादरे. नवीन गाडीत आट्यांतून मिळणारा संपर्क पुरेसा होता, म्हणून पहिले काही महिने उजेड किंचित मंद होण्यापलीकडे काहीच कळलं नाही. पुढे गंज चढला तसा रोध वाढला. ९ अँपिअर सलग वाहताना त्या एका जोडावर जवळपास २५ वॉट उष्णता तयार होत होती. सोल्डरिंग आयर्न एवढंच तापतं. ते थिंबल लाकडी फळीपासून चार बोटांवर होतं, हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

काय बदललं

मायनससाठी शासीवर अवलंबून राहणं बंद केलं. बॅटरीपासून फ्यूजबॉक्सच्या पट्टीपर्यंत स्वतंत्र २५ एमएमची तांब्याची केबल ओढली, जेवढी प्लस तेवढीच मायनस. प्लसही त्याच जाडीची केली. जाऊन-येऊन १० मीटरला रोध ०.००७ ओम, २० अँपिअरवर ०.१४ व्होल्ट गळती. शासीला मायनस जोडलेला असतोच, पण आता एकाच जागी. तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी आवळायचं, मग जेली. केबल नाना पेठेतून, थिंबलं तिथलीच, हायड्रॉलिक पंचने दाबून घेतलेली. पक्कडीने चेपलेलं थिंबल घाटात सुटतं.

काम करण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. लिथियम बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा बांगडी आडवी आली तर क्षणात ती लालभडक होते. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज आहे ना तेही त्याच वेळी बघून घ्या. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या केबलला वाचवत नाही.

हबचा वीजपुरवठाही पंपापासून वेगळा केला. तपकीर गल्लीतून ९ ते ३६ व्होल्ट इनपुटवर चालणारा कन्व्हर्टर आणला, त्याला पट्टीवरून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर त्याला चालवू नका.

इतक्या वेळा वीज गेल्यामुळे मेमरी कार्डही खराब झालं होतं. होम असिस्टंट सतत नोंदी लिहीत असतं, लिहितानाच वीज गेली की कार्डावरची फाइल अर्धवट राहते. म्हणून एसएसडी बसवली. आणि दुसऱ्याच दिवशी झिगबीचे सेन्सर एकामागून एक गायब व्हायला लागले. पुन्हा व्होल्टेज मोजलं, ते पक्कं होतं. कारण निघालं ते असं: एसएसडी निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या पोर्टला होती, झिगबीचा डोंगल शेजारच्याच पोर्टला. यूएसबी ३ वरून डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि झिगबी तिथेच बोलतं. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टला घातला, मीटरभर एक्स्टेंशन केबलने दूर नेला, वायफाय १ नंबरच्या चॅनलवर आणि झिगबी २५ वर ठेवलं. सेन्सर परत आले. चॅनल बदलल्यावर काही जुने सेन्सर पुन्हा जोडून घ्यावे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

इंजिन सुरू करतानाचा रीस्टार्ट वेगळा होता. चावी फिरवताच इंजिनची आणि घराची अशा दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणारा रिले लागत होता, त्यामुळे स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा झटका घराच्या बॅटरीवरही येत होता. रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर बसवला, तो इंजिनच्या बाजूने येणारी वीज ठरावीक प्रमाणातच घराच्या बॅटरीला देतो. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडणं तसंही बरं नाही, ती एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो. आणि बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, तिथे साधा रिले नीट चार्जही करत नाही.

पायरी

वीज सुधारली म्हणून पायरीचा प्रश्न सुटला असं मानू नका. हब कधी ना कधी रीस्टार्ट होणारच, अपडेटसाठी तरी होईल.

आमच्या गाडीत लिहिलेला नियम असा होता: इग्निशनची स्थिती बदलली, आणि ती ‘ऑफ’ नसेल, तर पायरी आत घे. वाचताना बरोबर वाटतं. पण हब नुकतं सुरू झालेलं असताना, इग्निशन वाचणारं मॉड्यूल जोडलं जाईपर्यंत त्याची स्थिती ‘ऑन’ही नसते आणि ‘ऑफ’ही नसते. ती असते ‘अनअव्हेलेबल’. नियमाच्या दृष्टीने स्थिती बदलली, आणि ती ‘ऑफ’ नाही. पायरीचं मॉड्यूल तोवर जोडलं गेलेलं असेल तर हुकूम तामील. इंजिन बंद, चावी स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि पायरी आत.

नियम आता असा आहे: इग्निशन ‘ऑफ’वरून ‘ऑन’ झालं, सलग ३ सेकंद ‘ऑन’ राहिलं, आणि दार बंद आहे, तरच पायरी आत. तुमच्या गाडीत माणसाला लागू शकेल अशी कुठलीही हलणारी वस्तू असेल, पायरी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत), वर-खाली होणारा पलंग, तर तिचे नियम आजच उघडून बघा. ‘नसेल तर’ असं कुठे लिहिलं असेल तर ते ‘असेल तरच’ असं करा.

पण मी तेवढ्यावर थांबले नाही. दाराच्या चौकटीत एक लिमिट स्विच, म्हणजे दार बंद झालं की दाबला जाणारा स्विच, बसवला आणि पायरी आत नेणाऱ्या वायरीत तो मालिकेत जोडला. दार उघडं असेल तर त्या वायरीत वीजच जात नाही, हब काहीही म्हणो. पायरी बाहेर राहिली आणि गाडी निघाली असं होऊ नये म्हणून ड्रायव्हरपाशी एक बझर, तोही थेट वायरीवर.

हबवर विसंबायचं नाही, हाच नियम इतर चार गोष्टींना लावला. पंप, दाराजवळचा एक दिवा, छताचा पंखा आणि दाराचं कुलूप यांना हाताने चालणारे स्विच आहेत, हब बंद असलं तरी चालणारे. गॅस गळतीचा आणि धुराचा अलार्म तर हबवर अवलंबून ठेवूच नका. त्यांची सूचना हबकडे जरूर जावी, पण आवाज त्यांनी स्वतः करायला हवा.

आता

त्यानंतर पाचगणी झाली, एकदा पुन्हा कोकण झालं. हबपाशी मिन-मॅक्स मीटर लावून शॉवर आणि पायरी एकदम चालवली, सर्वांत खाली आलेला आकडा १२.८. ओट्यावरचा दिवा नळ सोडल्यावर हलत नाही. दर सहलीनंतर मी पंप चालू ठेवून मायनसवरचा तो एक आकडा घेते आणि वहीत लिहिते. आतापर्यंत ०.०८च्या वर गेलेला नाही. ०.२ दिसला की बोल्ट उघडून साफ करायचे ठरवलं आहे, वाट बघायची नाही. पावसाळ्यात कोकणातून आलं की ते बोल्ट आकडा न बघताच उघडायचे.

कुणाला हा त्रास विचारायचा असेल तर चार आकडे मोजून मग विचारा: बॅटरीवरचं व्होल्टेज पंप बंद असताना आणि चालू असताना, हबपाशी तेच दोन्ही. एवढं हातात असेल तर पुढचं बोलणं पाच मिनिटांचं आहे.

पायरीसाठी एक लाल स्विचही बसवला, दाबला की तिची मोटर पूर्ण बंद. तो आईला उभं करून, तिचा हात सहज पोचेल त्या उंचीवर लावला आहे. दांड्याच्या बरोबर खाली. उतरण्याआधी ती तो दाबते, आणि मगच पाय खाली टाकते.